बाल्साची नळी

1871 साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनोने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवले. ते जेमतेम अकरा सेकंद हवेत राहिले. त्याचे धड म्हणजे एक साधी काठी, आणि ताणलेले रबर तिच्याखाली उघडेच होते.

पुढे अशा रबरी विमानांच्या वेकफील्ड चषक स्पर्धेच्या जुन्या नियमांनी धडाला किमान जाडी सक्तीची केली, म्हणून बारीक पट्ट्यांच्या चौकटीवर कागद चढवलेली पेटीसारखी धडे आली. ती अट सुटल्यावर सडपातळ नळीच्या धडाचे दिवस आले.

या नळीची खरी गोम लाकूड निवडण्यात आहे. इक्वेडोरहून येणारा बाल्सा, हे अतिशय हलके लाकूड, एकाच झाडाचा असला, तरी कापणीच्या दिशेप्रमाणे त्याचा स्वभाव बदलतो. चकाकते ठिपके दिसणारी फळी ताठर असते, ती वळवताना तडकते. लांब, सरळ रेषांची फळी मात्र मुकाट्याने वळते. ती गरम पाण्यात भिजवायची, दांड्याभोवती गुंडाळायची आणि कापडी पट्टीने घट्ट बांधून पूर्ण वाळू द्यायची. मग कडा घासून जोड चिकटवायचा आणि वरून पातळ कागद व डोप (कागद ताठ करणारा वार्निशसारखा लेप) चढवायचा. घाई केली की नळीला पीळ पडतो.

रबर या नळीच्या आत असते; पीळ भरताना ते तुटले, तर धड आतून फाटते. म्हणून जाणकार आधी आत एक संरक्षक नळी सरकवतात आणि पीळ भरून झाल्यावर ती काढून घेतात. आज स्पर्धेत कार्बन आणि केव्हलारच्या नळ्या असतात. त्या जास्त मजबूत आहेत, यात वाद नाही. पण घरच्या टेबलावर, एका फळीतून घडणारे देखणे धड बाल्साचेच.