सल्ल्याविरुद्ध: १८९६ सालचे आर्थर रोड रुग्णालय

जुहूचे कूपर रुग्णालय असो वा गल्लीतले एखादे नर्सिंग होम, उपचार अर्धवट सोडून घरी जाऊ पाहणाऱ्या रुग्णापुढे एक कागद ठेवला जातो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे, अशा आशयाचा. या कागदाकडे आपण डॉक्टरांची ढाल म्हणून पाहतो. परंतु सही करून बाहेर पडता येते, यात रुग्णाचा एक हक्कही मान्य झालेला असतो. मुंबईत हा हक्क नाकारला गेला होता, त्या दिवसांविषयी आजचा धागा.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा हुकूम निघाला: प्लेगचा रुग्ण आढळल्यास त्यास रुग्णालयात हलवावे, गरज पडल्यास बळानेही. अशा रुग्णांसाठीचे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे आर्थर रोडचे सांसर्गिक रोगांचे रुग्णालय.

शहर हादरले. परक्याच्या हातचे अन्नपाणी, स्त्रियांच्या काखेत-जांघेत गाठ चाचपणारे परपुरुष, क्रियाकर्माविना होणारा मृत्यू, ही भीती होतीच. त्यात अफवा उठली की गोरे डॉक्टर रुग्णांना मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी स्नो यांनी हुकूम सैल केला. ज्यांना घरीच वेगळे ठेवून उपचार करणे शक्य आहे, त्यांना हलवू नये, असे ठरले.

सरकारी कागदांत या साऱ्याची नोंद 'अज्ञान' आणि 'अंधश्रद्धा' अशी होत राहिली. मला ती अपुरी वाटते. मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परतत नाही, हे निरीक्षण खोटे नव्हते. प्लेगवर गुणकारी औषध तेव्हा नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चे दशक उजाडले. रुग्णालय देऊ शकत होते ते मुख्यतः अलगीकरण. आणि त्याचाही पाया कच्चा होता! उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखविले ते १८९८ मध्ये. म्हणजे गाठीचा रुग्ण ओढून नेला, तरी रोग पसरविणारे उंदीर आणि पिसवा त्याच खोलीत राहत होत्या. (फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो, म्हणून अलगीकरण सर्वस्वी व्यर्थ होते, असे म्हणता येणार नाही.)

सरकारने यातून धडा घेतला का? लगेच नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती बसली आणि सक्ती परतली. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, ते आपण सारे जाणतो. मुंबईतला ९ मार्च १८९८ चा दंगा सहसा कोणी सांगत नाही. मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांनी घरातील आजारी मुलीच्या तपासणीस विरोध केला, आणि ठिणगी पडली.

लोक रुग्णालयात राहू लागले, यात मोठा वाटा होता जातवार आणि जमातवार उभ्या राहिलेल्या खासगी प्लेग रुग्णालयांचा. तेथे उशाशी आपले माणूस बसू शकत होते, जेवण ओळखीच्या हातचे होते. आज हे वाचताना अवघडल्यासारखे होते, कारण विश्वास मिळाला तो जातीच्या भिंती तशाच ठेवून.

आर्थर रोडचे ते रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये मुंबईतील पहिले कोविड रुग्ण तेथेच दाखल झाले, आणि राज्याने लागू केलेला कायदाही तोच होता, १८९७ चा.