फोटोत चेहरा आहे, नाव कुठंय?

आज इथिओपियातल्या ओरोमो लोकांच्या 'गदा'विषयी. भीमाची नाही हां, ही त्यांची राज्यपद्धत. दर आठ वर्षांनी सत्ता पुढच्या गटाकडे जाते. प्रमुख म्हणजे 'अब्बा गदा'. मुदत संपली की पायउतार, म्हणजे राजा नव्हेच.

जुन्या फोटोंत हे पुढारी ओळखू येतात ते कपाळावरच्या 'कल्लाचा' या आभूषणावरून किंवा हातातल्या 'बोक्कू' दंडावरून. पण फोटोखालचं नाव? १९५०च्या दशकात जर्मन अभ्यासक हाबरलांड दक्षिण इथिओपियात फिरला. काम मोलाचं. पण १९६३च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'गाला' हा शब्द आहे. तेव्हा युरोपीय ओरोमोंना तसंच म्हणत, आणि ओरोमोंना तो शब्द अपमानाचा वाटतो. अशा शब्दाखाली माणूस नुसता नमुना होतो.

गंमत म्हणजे नावं हरवलेली नाहीत! बोराना ओरोमोंचे जाणते म्हातारे अब्बा गदांची शेकडो वर्षांची यादी तोंडपाठ सांगतात. काळही त्याच नावांनी मोजतात. म्हणजे फोटोतला अब्बा गदा ओळखला की सालही आठ वर्षांच्या आत सापडतं.

फक्त १९५०चे चेहरे पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या पुढं आहेत, आणि असे कितीतरी फोटो युरोपातल्या कपाटांत.