दोन मीटर सूत आणि त्याचं रीळ

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौक कुठे, हे रिक्षावाल्याला समजावावं लागत नाही. सूत आलं की रीळ आलंच. आपल्या पेशीतला डीएनए हाही तसाच मामला: सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर, आणि बसतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. रीळ मात्र सापडलं ते सुताचं काम कळण्याच्या कितीतरी आधी.

1869 मध्ये फ्रीडरिश मीशर ट्यूबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात बसून, दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन पांढऱ्या पेशींची केंद्रकं वेगळी करत होता. त्यातून निघालेलं ‘न्यूक्लीन’ म्हणजेच आपला डीएनए. 1884 मध्ये आल्ब्रेख्ट कोसेलनं हंसाच्या तांबड्या रक्तपेशींतून हिस्टोन प्रथिनं, म्हणजेच आपलं रीळ, काढली. (हंसच का? पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं.)

पुढची अनेक दशकं मान प्रथिनांचा होता; वारसा तीच चालवतात, असा बहुतेकांचा समज. 1953 मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडल्यावर तो गादीवर आला आणि हिस्टोनांच्या वाट्याला नुसत्या वेष्टणाची भूमिका आली. तोही अन्यायच. 1964 मध्येच व्हिन्सेंट ऑलफ्रीनं सुचवलं होतं, की हिस्टोनांवर ॲसिटिल गट चढले की जनुकांचं वाचन वाढतं. डीएनए ऋणभारित, हिस्टोन धनभारित, म्हणून मिठी घट्ट; ॲसिटिलनं धनभार झाकला की ती सैल पडते.

1974 मध्ये रॉजर कॉर्नबर्गनं हिशोब मांडला: आठ हिस्टोनांचा एक गड्डा, त्यामागे डीएनएच्या सुमारे 200 बेस-जोड्या. एका पेशीत असे तीनेक कोटी गड्डे. गड्ड्याभोवती डीएनएचे वेढे नेमके कसे पडतात, ते 1997 मध्ये झुरिकच्या कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी स्फटिकातून दाखवलं: पावणेदोनपेक्षा थोडे कमी.

पण रिळांवर गुंडाळलेल्या डीएनएचे पुढे मोठे फासही पडतात, आणि तिथे पुण्याचा संबंध येतो. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटानं टी-पेशींतल्या सॅटबी-1 या प्रथिनाचा माग काढला. हे प्रथिन डीएनएला ठरावीक जागी धरून फास पाडतं. त्यावर फॉस्फेट चढला की ते ॲसिटिल काढणाऱ्या विकराला जवळ करतं आणि जनुक दबतं. फॉस्फेट उतरला की ॲसिटिल चढवणाऱ्याला, आणि जनुक उघडतं. हे 2006 साली प्रसिद्ध झालं.