पुढच्या शॉकअपमध्ये कडक स्प्रिंग टाकल्या? आता सॅग मोजा

ब्रेक दाबला की बाईक पुढे झुकते, म्हणून बरेच जण फोर्कमध्ये कडक स्प्रिंग बसवून घेतात. पण स्प्रिंग बदलणं हे अर्धंच काम. सेटिंग नीट नसेल तर खराब रस्त्यावर पुढचं चाक उड्या मारतं आणि नेमकी ब्रेक लावताना पकड कमी होते.

सॅग म्हणजे काय?

तुम्ही बसल्यावर फोर्क जितका दबतो, तो सॅग. रोजच्या बाईकला एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के ठेवतात. ट्रॅव्हल १२० मिमी असेल तर ३५ मिमीच्या आसपास. एवढा दाब असला की खड्डा आल्यावर चाक खाली जाऊन रस्ता धरून ठेवतं.

मोजायचं कसं?

१. पुढचं चाक हवेत उचला. सीलपासून वरच्या क्लॅम्पपर्यंत क्रोमचा पाईप किती दिसतो ते मोजा. समजा १३० मिमी.

२. चाक खाली टेकवा. हेल्मेट, जॅकेट घालून बसा, मित्राला बाईक सरळ धरायला सांगा. पुढची बाजू दाबून हळू सोडा आणि मोजा: ९२.

३. आता हँडल उचलून हळू सोडा आणि मोजा: ९८.

४. दोन्हींची सरासरी ९५. १३० वजा ९५, म्हणजे सॅग ३५ मिमी.

कमी-जास्त कसा करायचा?

सॅग कमी आला तर प्रीलोड कमी करा, जास्त आला तर वाढवा. ॲडजस्टर नसेल तर मेकॅनिक स्प्रिंगवरच्या स्पेसरची लांबी बदलतो. स्पेसर ५ मिमी कमी केला की सॅग साधारण ५ मिमी वाढतो. फोर्कची कॅप उघडताना तोंड लांब ठेवा, खालची स्प्रिंग दाबलेली असते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: प्रीलोडने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, फक्त बाईकची उंची बदलते. प्रीलोड जवळपास शून्य करूनही सॅग कमीच येत असेल, तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाला जास्त कडक आहे.

ऑईल विसरू नका

कडक स्प्रिंग जोरात उलटी फेकते. फोर्क दाबून सोडल्यावर तो वर येऊन पुन्हा डोलत असेल तर रिबाउंड वाढवा. साध्या फोर्कमध्ये ॲडजस्टर नसतो, तिथे थोडं घट्ट ऑईल वापरतात. दोन्ही पायांत ऑईलची पातळी सारखीच हवी.

शेवटी पाईपला केबल टाय सैल बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारा. टाय कुठपर्यंत सरकला त्यावरून किती ट्रॅव्हल वापरला गेला ते कळतं. जोरात ब्रेक मारूनही बराच ट्रॅव्हल उरत असेल तर सेटिंग अजून कडक आहे.

कोड डीबग करताना मी जो नियम पाळतो तोच इथेही: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.