चर्चच्या उपासनेत गाणे कशासाठी? मराठी भजनांची चारशे वर्षे

नवीन पनवेलमधली खांदा कॉलनी ही सिडकोने वसवलेली वसाहत. अशा वसाहतीत नगरकडचे प्रोटेस्टंट, वसईचे कॅथलिक आणि केरळचे सिरियन ख्रिस्ती एकाच इमारतीत राहत असतील, तर रविवारी तिघांच्या कानांवर पडणारे संगीत अगदी वेगळे असते. कुठे पेटी-तबल्यावर भजन, कुठे कीबोर्डवर मिस्साची गीते, तर कुठे मल्याळममधून गायली जाणारी प्रार्थना.

चर्चमधले गाणे हा प्रार्थनेच्या मधला विरंगुळा नसतो, ते स्वतःच प्रार्थना असते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने लोकभाषेतली गीते सगळ्या मंडळीच्या तोंडी दिली. त्याआधी पश्चिम युरोपातल्या चर्चमध्ये मुख्यतः धर्मगुरू आणि गायकवृंद लॅटिनमध्ये गात आणि लोक ऐकत. कॅथलिक परंपरेत तर वाद्यांच्या गप्प राहण्यालाही अर्थ आहे. पवित्र गुरुवारच्या मिस्सातील ‘ग्लोरिया’नंतर ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत ऑर्गन वाजवायचाच झाला तर गाणाऱ्यांना आधार देण्यापुरता.

मराठीतली ही गोष्ट गोव्यात सुरू होते. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. बायबलची कथा त्यांनी ओवीत सांगितली, कारण श्रोत्यांना पुराण ऐकण्याची सवय होती. ते चर्चमध्येही म्हटले जाई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध हुकूम काढला.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आणि अमेरिकन मिशनरी महाराष्ट्रात आले तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. इंग्रजी गीतांचे मराठी भाषांतर करून ते मूळ पाश्चात्त्य चालीवर गायले जाई. इंग्रजी गाणे शब्दातल्या आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. चालीतला लांब सूर ‘कृपा’ या शब्दातल्या ऱ्हस्व ‘कृ’वर आला की शब्द ताणला जातो आणि कानाला खटकतो. भाषांतर अचूक असूनही गाणे परके वाटण्याचे हे साधे कारण.

यावर दोन वाटा निघाल्या. एक कीर्तनाची. अहमदनगरमध्ये (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनशी संबंधित कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. दुसरी वाट भजनांची, आणि तिथे नाव येते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीचा तुकारामांशी असलेला धागा तुटला नाही. उलट तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. अभंग आणि ओवी त्यांच्यासाठी परक्या देवघरातून उसनी आणलेली गोष्ट नव्हतीच. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत.

सगळ्यांनाच हे पटले नाही. अभंगाची चाल ऐकली की जुना धर्म आठवतो, अशी शंका घेतली गेली. गंमत म्हणजे आज अस्सल देशी वाटणारी पेटी हे मुळात युरोपातले वाद्य. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ चे.

कॅथलिक चर्चमध्ये मोठा बदल आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. उपासनेविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजाने लोकभाषांना वाव दिला आणि मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या संगीत परंपरेला योग्य स्थान द्यावे, असे सांगितले. त्यातून मराठी मिस्सासाठी मराठी गीतांची गरज निर्माण झाली.

आता प्रश्न पुन्हा भाषेचा आहे. मुंबई-पनवेल पट्ट्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना गिटार आणि ड्रम्सवरची इंग्रजी-हिंदी गीते जवळची वाटतात. त्यात चूक काही नाही, ल्यूथरनेही आपल्या काळातल्या लोकांची भाषाच निवडली होती. मात्र मराठी भजनांचे बहुतेक संग्रह फक्त शब्दांचे असतात, चाल ऐकूनच शिकावी लागते. आजीने गायलेले भजन नातवाने एकदाही ऐकले नसेल, तर पुस्तक हातात असूनही त्याला ते गाता येत नाही.