टाळ्यांचें ऋण

खेळाडूची कीर्ति बहुधा त्याच्या पायांतील बळाबरोबर ओसरते. ऑस्ट्रेलियांतील सर डग्लस निकोल्स यांचें तसें झालें नाहीं. १९०६ सालीं न्यू साउथ वेल्समध्यें, तेथील मूळ रहिवाशांच्या एका वसाहतींत ते जन्मले. अंडाकृति चेंडूच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलांत त्यांच्या चपळाईची ख्याति होती. तरी मेलबर्नच्या कार्लटन संघांत वर्णामुळें त्यांस थारा मिळाला नाहीं. पुढें फिट्झरॉय संघाकडून ते ५४ सामने खेळले.

श्रोतेहो, मैदानावर त्यांच्यासाठीं टाळ्या वाजविणाऱ्या समाजानें त्यांच्या बांधवांस मात्र पुरते नागरी हक्क दिले नव्हते. हें शल्य उराशीं बाळगून निकोल्स धर्मोपदेशक झाले. बांधवांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभारण्यास त्यांनीं हातभार लावला. शिरगणतींतून मूळ रहिवाशांस वगळणारें राज्यघटनेंतील कलम १९६७ च्या लोकमतांत ९० टक्क्यांहून अधिक मतांनीं रद्द झालें. त्या चळवळींतही ते अग्रभागीं होते. १९७२ मध्यें त्यांस 'सर' हा किताब मिळाला. त्यांच्या समाजांत तो मिळविणारे ते पहिलेच. १९७६ मध्यें ते साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले, पण प्रकृति ढासळल्यानें कांहीं महिन्यांतच त्यांनीं तें पद सोडलें. १९८८ मध्यें ते निवर्तले.

२०१६ पासून तेथील मुख्य फुटबॉल स्पर्धेंत सामन्यांची एक फेरी प्रतिवर्षीं त्यांच्या नांवानें खेळली जाते. कार्लटनचा संघही तींत उतरतो.