पत्र्याचे कान

१/ धातूच्या पत्र्याची अचूक गोल चकती ठशात दाबून पेला घडवला, तर त्याची कड सरळ यावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कड वरखाली होते. बहुधा चार उंचवटे येतात. त्यांना ‘कान’ म्हणतात. ते छाटावे लागतात, तेवढा धातू वाया जातो. या कानांचे गणित मांडण्याचा हा इतिहास.

२/ कानांचे मूळ ठशात नसून पत्र्याच्या घडणीत आहे. रोलरांमध्ये लाटला जाताना धातूचे असंख्य स्फटिक ठरावीक दिशांना वळतात. म्हणूनच तोच पत्रा उभा, आडवा आणि तिरका ताणला असता वेगवेगळा वागतो.

३/ जुन्या सिद्धान्तांना हा भेद ठाऊक नव्हता. धातूचा आकार कायमचा केव्हा बदलू लागतो, याचा निकष फ्रान्समध्ये आंरी त्रेस्का यांनी १८६४ साली मांडला. रिचर्ड फॉन मिसेस यांचा निकष १९१३ सालचा. दोघांनीही धातू सर्व दिशांना सारखाच मानला होता.

४/ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शस्त्रास्त्र संशोधन विभागात काम केलेले गणितज्ञ रॉडनी हिल यांनी १९४८ साली ही चौकट ओलांडली. मिसेस यांच्या सूत्रातील प्रत्येक पदाला त्यांनी स्वतंत्र गुणक दिला, एकूण सहा. चार कानांचा उलगडा त्यातून झाला.

५/ १९५० साली लँकफर्ड आणि सहकाऱ्यांनी एक सोपे माप पुढे आणले. पट्टी ताणल्यावर ती रुंदीत किती आणि जाडीत किती आक्रसते, याचे गुणोत्तर म्हणजे ‘आर-मूल्य’. ते मोठे असेल, तर पत्रा सहजासहजी पातळ होत नाही आणि खोल भांडे न फाटता घडते.

६/ पोलादाला लागू पडलेले हिल यांचे सूत्र अॅल्युमिनियमपाशी अडखळले. त्याचे आर-मूल्य सहसा १ पेक्षा कमी. सूत्रानुसार असा पत्रा दोन्ही बाजूंनी एकदम ताणला, तर एका बाजूने ताणण्यापेक्षा कमी ताणातच नमायला हवा. १९७० साली वुडथॉर्प आणि पिअर्स यांच्या प्रयोगांत नेमके उलटे दिसले.

७/ १९७९ साली खुद्द हिल यांनीच आपल्या सूत्रातील वर्गाचे बंधन सोडून नवा निकष मांडला. पुढे फ्रेडेरिक बार्ला आणि सहकाऱ्यांनी अॅल्युमिनियमसाठी अधिक बारीक सूत्रे रचली. कारण जुने सूत्र चारच कान दाखवू शकते, तर प्रत्यक्षात सहा किंवा आठही येतात.

८/ तरीही १९४८ चे सूत्र पोलादी पत्र्यासाठी आजही वापरात आहे. तीन दिशांना कापलेल्या तीन पट्ट्या ताणून पाहिल्या, की पत्र्यासाठी लागणारे त्याचे गुणक हाती येतात.